डावा हात

नव्या डॉक्टरची पदवी आणि अनुभव खरा आहे ना, हे फोन करकरून विचारणं हे इस्पितळातल्या पडताळणीवाल्या बाईंचं काम. आज ज्यांची पडताळणी होती, ते डॉक्टर उद्या रुजू व्हायचे होते. बाईंनी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं.

डॉक्टरांच्या कॉलेजातले म्हातारे सर फोनवर जांभई देत म्हणाले, "गुणी मुलगा. नाडी धरली की पेशंटचा डोळाच लागतो."

जुन्या इस्पितळातल्या मेट्रननीही जांभई देत तेच सांगितलं.

"पढवून ठेवलेलं दिसतंय सगळ्यांना," बाई शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या. तो टेबलावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

पंखा संथ फिरत होता. बाईंनी तिसरा फोन डॉक्टरांच्या जुन्या नर्सला लावला.

"झोप येतेय का हो तुम्हाला?" नर्सनं हळूच विचारलं.

"दुपारची वेळ. पापण्या जड झाल्यात खऱ्या."

"आणि डावा हात?"

डावा हात मघापासून टेबलाखाली, मांडीवर होता. मनगटाला छान ऊब लागत होती. बाईंना वाटलं होतं, ऊन असेल. पण टेबलाखाली ऊन नव्हतं.

"हात ओढून घ्या, ताई," नर्स म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ऐकताय ना?"

बाई ऐकत होत्या. पण मनगटावरची बोटं इतकी अलगद होती, की त्यांना हात ओढवेना.