ओपलच्या दारातले बूट

ओपलच्या ट्रेलरमधून पुन्हा धप्प झालं, तेव्हा लोरेटा तव्यावर अंडं फोडत होती. तिचा हात तसाच थांबला. अंड्याची कड करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मारतोय मेला," ती पुटपुटली.

कालपासून हे चाललं होतं. धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. आणि सगळा वेळ एका पुरुषाचा जाडाभरडा आवाज. शब्द काही कळत नव्हते.

ॲरिझोनाच्या वाळवंटातला हा तळ हिवाळ्यात नुसता गजबजलेला असतो. ट्रेलर हेच ज्यांचं घर, अशी माणसं इथं ऊब शोधत येतात. ऊन तापायला लागलं की सगळे आपापला संसार गाडीला जोडून उत्तरेकडे पळतात. या टोकाला आता दोनच ट्रेलर उरले होते, ओपलचा आणि लोरेटाचा.

दोघी साठी उलटलेल्या. सगळा हिवाळा दोघींनी उन्हात खुर्च्या टाकून गप्पा छाटल्या होत्या. आत मात्र कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"कॉफीला ये म्हटलं असतं गं," ओपल म्हणायची, "पण आमच्या वेंडेलला परकं माणूस खपत नाही. महातापट."

"मग आमचा क्लाइड काय देवमाणूस आहे? बंदूक उशाशी घेऊन झोपतो. जरा खुट्ट झालं की उठून बसतो."

"बाई गं! मग तुझ्याकडे फिरकायलाच नको."

"तुझ्याकडे तरी कोण फिरकतंय!"

असं म्हणून दोघी खो खो हसायच्या.

वेंडेल लोरेटाला कधी दिसला नव्हता. तो दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, असं ओपल सांगायची. त्याचे बूट मात्र तिच्या पायरीवर कायम असत. आणि केवढाले ते बूट! लोरेटाचे दोन्ही पाय एकात मावले असते. ती त्यांच्याकडे बघायचंच टाळायची.

तिनं गॅस बंद केला आणि आपल्या पायरीवरचे बूट ओलांडून बाहेर आली. ओपलच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. एवढ्या उकाड्यात एसीही बंद.

"ओपल? बरी आहेस ना गं?"

धप्प. धप्प. धप्प. या वेळी लागोपाठ. आणि तो मेला बोलतोच आहे, बोलतोच आहे.

लोरेटा थबकली. पुढं होऊन दार ठोठावलं आणि त्या राक्षसानंच उघडलं तर? त्याच्यापुढं आपला काय निभाव लागणार! ती आपल्या ट्रेलरकडे वळली आणि वेंडेलला स्वच्छ ऐकू जाईल अशा बेतानं ओरडली, "क्लाइड, बाहेर ये रे! बंदूक घेऊनच ये!"

धपधप थांबली.

टरकला वाटतं, लोरेटा मनाशी म्हणाली. तिला हायसं वाटलं. पण घरात येऊन बसली तसा तो दिलासा कुठल्या कुठं गेला. तिनं फोन पाहिला. रेंजचा पत्ता नाही. या टोकाला ती कधी नसतेच. फाटकापाशी जावं का? तळाची देखभाल करणारा गॅरेट तिथंच राहतो. पण तो पोलिसांना बोलावणार, पोलीस येऊन दम देऊन जाणार, आणि पुढं? मार पुन्हा ओपललाच. शिवाय चुगली कुणी केली हे वेंडेलला कळायला कितीसा वेळ लागतोय! काय करावं सुचेना. तिला रडूच आलं. तव्यावरचं अंडं तसंच गार होऊन गेलं.

दुपारी एकदा धप्प झालं, अगदी हलकं. त्यानंतर काहीच नाही. ही शांतता तिला धपधपीहूनही असह्य झाली. उन्हं कलायला लागली तशी तिनं गाडी काढली आणि गॅरेटला गाठलं.

"नवरा-बायकोच्या भांडणात मी कशाला?" गॅरेट कुरकुरला. "तुझा क्लाइड काय करतोय? त्यानं जायचं की!"

"त्याची कंबर धरलीय. तू चल रे बाबा, हात जोडते."

गॅरेटनं ओपलच्या दारावर थापा मारल्या. "वेंडेल! दार उघड!" आतला पुरुष आपला बोलतच राहिला. शेवटी गॅरेटनं गाडीतून पहार आणून कुलूप उचकटलं.

आतून भट्टीसारखी झळ आली. फळीवर रेडिओ चालू होता आणि कुणीतरी गुरांचे बाजारभाव सांगत होतं. ओपल जमिनीवर पडली होती, एक पाय वेडावाकडा अंगाखाली आलेला. मुठीत छोटं पातेलं. फरशीवर त्या पातेल्याचे पोचे उमटले होते.

गॅरेटनं खाली बसून तिच्या मानेला बोटं लावली. मग डोक्यावरची टोपी काढली.

"आणि वेंडेल?" लोरेटानं विचारलं.

गॅरेटनं आत नजर फिरवली. एकच कप, एकच ताटली. कपाटात सगळे बायकी कपडे. तो बाहेर आला, पायरीवरचा एक बूट उचलून त्यानं उलटा केला. तळवा कोरा करकरीत, कधी जमिनीला टेकलाच नव्हता. त्यावर गावातल्या दुकानाचा किमतीचा पिवळा कागद चिकटलेला.

"कुठला आलाय वेंडेल!" तो म्हणाला. "एकट्या बायका ठेवतात असे बूट दारात. कुणी वाटेला जाऊ नये म्हणून."

लोरेटा खुर्चीचा आधार धरून उभी राहिली.

"मी फाटकाशी जाऊन फोन करतो. तू एकटी नको थांबूस इथं," गॅरेट म्हणाला. "जा, क्लाइडला बोलाव."

लोरेटा जागची हलली नाही. पलीकडं तिच्या पायरीवर बूट होते, आणि त्यांच्या तळव्यालाही तसाच पिवळा कागद होता.