उजेडाचं कपाट

"रडून झालं असेल तर डबा इकडे द्या," ती म्हणाली.

मफलरवाल्याने नाक पुसलं आणि पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुत्र्याची कवटी होती. मातीने माखलेली, पिवळी, तेलकट. पालिकेच्या आवारात आठ महिने पुरलेली होती, तो म्हणाला. उकरून मिळवायला चार अर्ज करावे लागले.

"चार अर्ज!" ती म्हणाली. "माणसं जिवंत आईबापासाठी एक करत नाहीत."

अठरा वर्षं ती हेच काम करत होती. कॉलेजांना आणि संग्रहालयांना लागणाऱ्या घोड्यांच्या, डुकरांच्या, माकडांच्या कवट्या तिच्या हातून पांढऱ्या होऊन जात. ती गिऱ्हाइकं शहाणी होती, वस्तू घेत आणि जात. तिटकारा होता तो पाळीव प्राण्यांच्या मालकांचा. जिवंतपणी कुत्र्याला धड फिरवायला न्यायचं नाही, आणि मेल्यावर त्याची कवटी टीव्हीशेजारी मांडायची.

"उन्हात ठेवता?" त्याने विचारलं.

"गच्चीवर ठेवली तर कावळे जबडा पळवतात. घरातच करते, दिव्याखाली."

तिने कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आतून चकचकीत कागद चिकटवलेला, चारही बाजूंना निळसर नळ्या, मधोमध काचेची पेटी. पेटीतल्या पेरॉक्साइडमध्ये बोकडाची कवटी बुडाली होती आणि तिच्या नाकातून बारीक बुडबुडे वर येत होते.

"गॉगल लावा आधी. डोळे जातील, मग त्यासाठीही रडत बसाल."

त्याने निमूटपणे गॉगल लावला. बराच वेळ पाहत राहिला.

"या उजेडाने हाड आकसतं का?"

"काय?"

"म्हणजे आकार बदलतो का? दात सरकतात का?"

ती हसली. "उकळलं तर तडे जातात. माझ्याकडे पाणी गार असतं. दात निखळले तर ज्याच्या त्याच्या खोबणीत परत बसवते. जसा होता तसाच राहील तुमचा लाडका. फक्त गोरा होईल."

"स्वच्छ व्हायला हवी. अशी मळकी कशी नेऊन ठेवायची घरी?"

"हो ना. पाहुणे काय म्हणतील!"

आधी तीन आठवडे साबणाच्या पाण्यात ठेवून तिने कवटीचं तेल काढलं. मग कवटी कपाटात गेली. तेव्हापासून मफलरवाला रोज ऑफिस सुटलं की येऊ लागला. गॉगल लावायचा, कपाटासमोर दहा मिनिटं उभा राहायचा आणि जायचा. तिच्या आईने त्याला खुर्ची द्यायला सुरुवात केली. पुढे चहाही.

"जरा गोड बोललीस तर जीभ झडेल का?" एकदा तो गेल्यावर आई म्हणाली.

"कुत्रा मेलाय त्याचा, बाप नाही."

पण पाचव्या दिवशी तिने विचारलं, "मेला कशाने?"

"चावला म्हणून मारला," तो म्हणाला. "सहा वर्षांच्या मुलीला. दंडाला. तिच्या बापाने कागदावर सही केली आणि तासाभरात सुई दिली." त्याने मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "मुलगी सांगत होती, हा नव्हता. दुसरा होता, लहानसा, तो पळून गेला. हा नंतर आला आणि तिच्यापाशी बसून राहिला. पण कुणी ऐकलं नाही."

"सगळे मालक हेच सांगतात. आमचा तसा नव्हताच मुळी."

तो खुर्चीतून उठला. चहा तसाच ठेवून गेला.

दोन दिवसांनी कवटी बाहेर निघाली. तिने ती धुऊन सुकवली, दोन दात चिकटवले आणि फडक्यावर ठेवली. खडूसारखी पांढरी झाली होती. मफलरवाल्याने हात लावला नाही. खिशातून पारदर्शक कागदाची घडी काढली.

"दवाखान्यात जखम उतरवून घेतली होती. खऱ्या मापात. या दोन खुणा सुळ्यांच्या. जरा मोजता? मला मोजवणार नाही."

"मोजायचंच होतं तर पहिल्या दिवशी का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

नाक मुरडून तिने कॅलिपर घेतलं. कागदावरच्या दोन खुणांमध्ये एकोणतीस मिलिमीटर. कवटीचे वरचे सुळे, सेहेचाळीस. तिने पुन्हा मोजलं. मग खालचे मोजले. चाळीस. कुठूनही जमत नव्हतं.

तिने कॅलिपर खाली ठेवलं.

"हा नव्हता," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या तोंडाचा चावा असा उमटणारच नाही."

तो खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला वाटलं, आता याला पाणी द्यावं. पाण्याऐवजी संताप आला, आणि या खेपेला तो त्याच्यावर नव्हता.

"उठा! रडताय काय? ही कवटी उचला आणि त्या मुलीच्या बापाच्या पुढ्यात नेऊन आदळा. पोटची पोर घसा फोडून सांगतेय आणि हा ऐकत नाही! मुका जीव मारून दुसऱ्या दिवशी दाढी करून ऑफिसला गेला असेल मेला. असल्या माणसाला कुणी बाप म्हणावं? थू!"

"अगं!" आतून आई ओरडली.

"अगं काय? मी येते यांच्याबरोबर. मीच सुनावते त्याला."

मफलरवाला उठला. आणलेल्या स्वच्छ टॉवेलात त्याने कवटी गुंडाळली, सावकाश, एकेक टोक आत खोचत. मग ती छातीशी धरली.

"यायची गरज नाही," तो म्हणाला. "कुत्रा शेजारच्या आजोबांचा होता. मुलगी माझी."