कृष्णातची पाठ

"सोडू नकोस, कृष्णात! दाब त्याला!"

आपण एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो, याचं यज्ञेश्वरपंतांनाच नवल वाटलं. शेजारच्या पिराजीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "गळा हाय की पावणं तुमास्नी! वरडा, आपलाच गडी हाय."

पिराजी कुस्त्यांसाठी गाडी जुंपून गावाकडून आला होता. कृष्णात त्याच्याच गावचा. शेजारी बसलेला म्हातारा कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने आपल्या घोंगड्यावर जागा दिली, ओंजळीत शेंगा ओतल्या आणि रात्री गावी जेवायला यायचं वचनही घेतलं.

पंत संस्थानच्या कोर्टात मुन्सफ होते. मुन्सफाने कुणाच्या घरी जेवू नये, कुणाच्या लग्नाला जाऊ नये. उद्या तोच माणूस समोर उभा राहायचा, हा त्यांचा नेम. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनीही तो निमूट पाळला आणि एकही मैत्रीण न जोडता वारल्या. मग संस्थान विलीन झालं, पंत निवृत्त झाले. पण शाहूपुरीतल्या त्यांच्या घराकडे कुणी फिरकत नसे. आज कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना खेटून बसलं होतं. त्यांना फार बरं वाटत होतं.

इतक्यात दोन्ही मल्ल मातीत कोसळले आणि एकच गलका झाला. कृष्णातची पाठ लागली की नाही, यावर दोन पंच दोन तोंडांनी बोलू लागले. लोक उठले. काहींच्या हातात दगड आले. प्रतिस्पर्धी तालमीचे वस्ताद बाळासो गर्दीतून वाट काढत थेट पंतांपुढे येऊन उभे राहिले.

"रावसाहेब, निकाल तुमी द्या. दोन्ही तालमींना कबूल हाय."

"मी नाही देणार. आज मी कृष्णातच्या बाजूचा आहे. सगळ्यांदेखत ओरडलोय." हे सांगताना पंतांना चक्क अभिमान वाटला.

"मग तर तुमीच द्या. आपल्या माणसाच्या इरुद्ध बोलंल असं कोल्हापुरात दुसरं कोण हाय?"

पंतांनी पिराजीकडे पाहिलं. तो खुशीत मान डोलवत होता. पावणं आपलंच होतं. पंतांनी मात्र पाहिलं होतं. क्षणभरच, पण कृष्णातचे दोन्ही खांदे मातीला टेकले होते. दिसलं नाही म्हणायला काय जात होतं? रात्री पिराजीच्या पंगतीला बसता आलं असतं.

"पाठ लागली," पंत म्हणाले. "कृष्णात हरला."

हातातले दगड खाली पडले.

पंत घोंगड्याकडे वळले. पिराजी चिडेल, शिव्या घालेल. घालू दे. शिव्या माणूस आपल्या माणसालाच घालतो.

पिराजी चिडला नव्हता. त्याने टरफलं झटकली, घोंगडं नीट पसरलं आणि अंग चोरून बाजूला झाला.

"बसा, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "आमी हुबंच ऱ्हातो."