हद्दवाढीचे पेढे

सोनवडी गाव शहराच्या हद्दीत गेलं, त्या दिवशी गावाने काळे झेंडे लावले आणि शहरातून आलेल्या रत्नप्रभा नाईकवडीने चावडीवर पेढे वाटले.

"आमची घरपट्टी वाढणार, आणि तुम्ही पेढे कसले वाटताय, अक्का?" सरपंच सर्जेराव कडाडले.

"घ्या हो एक," ती म्हणाली.

तिचं कालयंत्र फक्त शहराच्या आजच्या हद्दीतच सुरू व्हायचं, मग जायचा काळ कुठलाही असो. त्या एका शहराची सगळी शतकं हिंडून तिने आपल्या प्रवासाची सचित्र कादंबरी रंगवली होती. शेवटचं पान तेवढं आईसाठी कोरं ठेवलं होतं. आई सोनवडीची. रत्नप्रभाला दात येण्याआधीच ती गेली, आणि तिचा एकही फोटो नव्हता.

आईचं घर जिथे होतं, तिथे तिने यंत्र ठेवलं. या मातीवर त्याचा दिवा आज पहिल्यांदा हिरवा झाला, तशी ती मोठ्याने हसली.

साठ वर्षांपूर्वीच्या अंगणात एक तरुण बाई तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नाक थेट रत्नप्रभाचं.

"कोण पाहिजे, आजी?"

"तूच," म्हणत रत्नप्रभाने पेन्सिल काढली. "अशीच बस, बाळा. हलू नकोस."