साहेबाच्या चित्रातला डोंगा

“साहेब, आमच्या घरधन्यायले या डोंग्यात बसवता येते का?” चहाचा कप वाळूवर ठेवत सखाबाईनं विचारलं.

एलियट साहेबाचा ब्रश थांबला नाही. वैनगंगेवरचं धुकं विरत होतं आणि त्याला ते विरायच्या आत पकडायचं होतं.

“जो दिखता है वही बनाता हूँ, सखाबाई. नाव खाली है, खाली ही बनेगी.”

सखाबाईनं कप त्याच्याकडे सरकवला. मात्र वाईट वाटलं तिला. मेलं एवढं मोठं कापड, त्यात एक माणूस जड झाला होता का?

एलियट अमेरिकेतला निसर्गचित्रकार. तरुणपणी तिकडच्या नद्या, बर्फ, सफरचंदांच्या बागा रंगवून त्यानं नाव कमावलं आणि मग फिरता फिरता वैनगंगेच्या धुक्याच्या नादी लागला. या हिवाळ्यात तो पहिल्यांदाच कारध्याला आला आणि सखाबाईचा सासरा बुधराम याच्या घरातली बाहेरची खोली त्यानं भाड्यानं घेतली. रंगांच्या पेटीत काळा रंग ठेवत नसे, माणसांना नाकडोळे काढत नसे. ऊन बदललं की हातातलं चित्र तिथेच थांबवी. गावकरी म्हणत, साहेबाचं चित्र जवळून पाहिलं तर पोतेरं, दुरून पाहिलं तर नदी.

खेमराज, सखाबाईचा नवरा, यंदाच्या श्रावणातल्या पुरात जाळं घेऊन गेला तो परतलाच नाही. डोंगा खाली कुठंतरी उलटा सापडला. देहाचा मात्र पत्ता नाही.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला माणूस समजून अग्नी द्यायचा, मग दिवस करायचे, अशी रीत आहे. त्यासाठी खेमराजचा बाप, म्हातारा बुधराम, सुनेच्या विनवण्या करून थकला होता. भाऊबंद तर येता-जाता टोमणे मारत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

“बाई, पोराचा जीव पाण्यातच भटकून राहिला,” म्हातारा म्हणे. “मले सपनात येते. ओलाच येते. मोकळा कर त्याले.”

“आन तो जिता असंल तं मामाजी? जित्या माणसाले जाळाचं पाप कायले घ्याचं? मी नाई करू देणार.”

म्हातारा मग मान खाली घालून जाळं विणत बसे. सून एवढी जीव लावून वाट पाहते याचं त्याला दुःखही होतं आणि अभिमानही.

पौषात एलियट नदीच्या खालच्या अंगाला, पवनीकडे गेला. तिथले घाट आणि खालचं पात्र त्याला रंगवायचं होतं. बऱ्याच दिवसांनी तो एका सकाळी रिक्षातून चित्रांची चवड घेऊन परतला, तेव्हा बुधराम बाजाराला गेला होता. सखाबाई चहा घेऊन खोलीत गेली. भिंतीला टेकवलेल्या एका चित्रापाशी तिचे पाय थबकले.

पाणी, ऊन, एक डोंगा. डोंग्यात उभा माणूस, म्हणजे निळ्या-तपकिरी रंगाचे चार फटकारे. जाळं फेकायला त्यानं हात मागे नेला होता. डावा हात.

“साहेब, हा उलटा माणूस काढला का तुमी?”

“उलटा नहीं. बाएँ हाथ से ही फेंकता था.”

या सगळ्या पट्ट्यात डाव्या हातानं जाळं फेकणारा सखाबाईला एकच माणूस ठाऊक होता. तिनं चहा साहेबापुढे ठेवला.

“कानात बाळी होती?”

एलियटनं बोट ठेवलं. डोक्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा तिळाएवढा ठिपका होता. “यह देखो. धूप में चमकती थी.”

सखाबाई चित्रासमोर खाली बसली. हसू आणि रडू एकदमच आलं तिला. जिता आहे! म्हातारा ऐकून वेडा होईल. कुठंतरी लागलं असेल डोक्याला, आठवण गेली असेल, घरचा रस्ता सापडत नसेल बिचाऱ्याला.

“साहेब, तो तुमाशी बोलला का? आजारी तं नाई ना दिसला?”

“नहीं, नहीं. मजे में था. रोज तंबाखू माँगता था.” एलियट चहा पिता पिता आठवून सांगू लागला. “एक दिन पूछा, कहाँ रहते हो? मैंने कहा, कारधा में, बुधराम के घर. दूसरे दिन से वो घाट पर आया ही नहीं. चित्र इसीलिए अधूरा है.”

सखाबाईनं पदरानं डोळे पुसले. पुन्हा चित्राकडे पाहिलं. काठावर, डोंग्याच्या अगदी जवळ, लाल रंगाचा एक उभा फटकारा होता.

“आन हे लाल काय हाय जी?”

“उसकी घरवाली. रोज खाना लेकर आती थी. दोनों बहुत हँसते थे. अच्छा लगता था, इसलिए उसको भी ले लिया.”

सखाबाईनं त्या लाल रंगावरून बोट फिरवलं. मग कप उचलून उठली.

“साहेब, हे चित्र अमेरिकेत न्या. इथं कोणाले दाखवू नका. मामाजीले तं बिलकुल नाई.”

एलियटला काही उमगलं नाही, पण त्यानं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

बुधराम परतला तेव्हा ती अंगणात उभी होती. म्हाताऱ्याला तिनं पाणी दिलं, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबली.

“मामाजी, पळसाची पानं आणा. पुतळा करू.”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. एवढे महिने हेच तर मागत होता तो. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं, “पटलं का बाई तुले, का आपला खेमराज पुरात गेला म्हणून?”

“पुरात नाई, मामाजी,” सखाबाई म्हणाली. “आज सकाळी मेला.”