काचेबाहेरचा हार

एकाच दुपारी बाबालाल फुलारीने अकोल्यात दुकान फोडलं, मिरजेत सुरा चालवला आणि पालघरला बस जाळली. निदान पोलिसांच्या प्रयोगशाळेचं नवं यंत्र तरी तसं सांगत होतं, आणि एका पेशीवरून माणूस ओळखणाऱ्या यंत्राशी वाद कोण घालणार? बाबालाल तीन दिवस कोठडीत होता.

"या माणसाला पंख आहेत का?" प्रयोगशाळेतली तपासनीस मृणाल दातीर वैतागली. तिने त्याचा पत्ता काढला. समोरच्या चौकातलं फुलांचं दुकान! खंडेनवमीला यंत्राला घातलेला झेंडूचा हार तिनेच तिथून आणला होता. कर्मचाऱ्यांच्या पेशी यंत्र वगळत असे. पण हारातून यंत्रात गळलेल्या, हार ओवणाऱ्याच्या पेशी कोण वगळणार?

"कोर्टात आपली अब्रू जाईल," तिचे साहेब घोलप म्हणाले.

"जाऊ दे सर. तो माणूस आत आहे."

तिने चूक स्वतःच्या सहीने कळवली. संध्याकाळी बाबालाल सुटला. खंडेनवमीनंतरचे सगळे नमुने पुन्हा तपासले गेले आणि देशभरच्या प्रयोगशाळांसाठी नियम झाला: प्रत्येक तपासणीआधी यंत्र रिकामं चालवून बघायचं, आणि पूजा काचेबाहेरून.

पुढच्या खंडेनवमीला बाबालाल स्वतः हार घेऊन आला आणि त्याने तो काचेच्या दाराला बाहेरून बांधला. आत मृणालने यंत्र रिकामं चालवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: कोणीही आढळलं नाही.

बाबालाल हसला. "ताई, आता कसं शहाण्यासारखं बोललं!"