काचेवरची टकटक

"एक बाही राहिलीय," शिंपीण म्हणाली, आणि काचेमागच्या अंधारात मॅडमनी श्वास रोखला.

"फ्रॉकची. दुसरी लावून ठेवली होती मी."

एवढंच. पण लेक तापात गेल्यापासून शिंपीण दर आठवड्याला या खोलीत यायची, भिंतीकडे बघायची आणि तशीच उठून जायची. आज दारातच तिने सांगून टाकलं होतं, हे शेवटचं, उगाच तुमचाही वेळ खाते. समोरची शिकाऊ पोरगी गप्प बसून होती. कधी गप्प बसावं हे पुस्तकात नसतं. तिला ते उपजत होतं. मॅडम खुर्ची पुढे ओढून काचेला अगदी खेटून बसल्या.

ती काच तिकडून आरसा होती, इकडून खिडकी. शिकाऊ मुली पलीकडे पेशंटशी बोलायच्या आणि विभागप्रमुख अलीकडे अंधारात बसून त्यांना जोखायच्या. ही रीत थोरल्या बाईंची. कॉलेजात मानसशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला, तोही एकटीने. बाकीच्या विभागांतले पुरुष त्याला रडण्याचं दुकान म्हणायचे. चहा पिता पिता म्हणायचे, बाईंच्या तोंडावर म्हणायचे. मग बाईंनी नियमच केला. माझ्या विभागात पेशंट रडेल, आपण नाही. कुणा मुलीचा आवाज ओला झाला, कुणाचा हात पेशंटकडे गेला, की काचेवर दोनदा टकटक. हसणारे खुशाल हसून, हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्यांच्यासमोर कुणी काच लावली नाही. शिक्षा भोगली ती मुलींनी.

मॅडम त्याच मुलींपैकी एक. पुढे त्यांची स्वतःची आई अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी वाचा गेली, तेव्हा तिने चादरीवरून हात पुढे केला. मॅडमच्या कानात टकटक झाली. आईचा हात चादरीवर तसाच राहिला. "आमची ताई खंबीर," भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत होता.

थोरल्या बाई गेल्या आणि मॅडम प्रमुख झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलींना गोळा केलं आणि सांगितलं, "त्या काचेवर यापुढे कुणी वाजवणार नाही. मी तर नाहीच नाही." मुलींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडमची सुटका कुठली व्हायला. जिन्यात टकटक, मीटिंगमध्ये टकटक, आंघोळीच्या पाण्यात टकटक. मेलेल्या माणसाचा हात वाजवून वाजवून दुखत नाही. आणि जगाला मन समजावून सांगणाऱ्या बाईने आपल्याच कानात भूत बसलंय, हे सांगावं तरी कुणाला?

"लावू का हो ती बाही?" पलीकडे शिंपीण विचारत होती. "की राहू दे तशीच? लावली तर फ्रॉक पुरा होईल. मग करू काय त्याचं?"

पोरीचे डोळे भरले. तिने हात पुढे केला. शिंपिणीने तो दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या घशातून आवाज फुटला.

टकटक.

आलात का, मॅडम मनातल्या मनात म्हणाल्या. वाजवा. हवं तेवढं वाजवा, बाई. आज मी ऐकायची नाही.

पण काचेपलीकडे पोरीने हात ओढून घेतला होता. ती ताठ बसली होती. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" तिने कोरड्या आवाजात विचारलं.

शिंपिणीचा आवाज घशातच बुडाला. ती आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली.

"येते," ती म्हणाली. "आपलं आपल्यालाच बघायला हवं."

मॅडम धावतच पलीकडे गेल्या, पण शिंपीण जिना उतरून गेली होती.

"अगं, हात का काढलास?" त्यांनी पोरीला विचारलं. "बोलत होती ना ती? रडत होती ना?"

"चुकले, मॅडम. पुन्हा नाही होणार."

"चुकलीस कुठे? छान चाललं होतं. काढलास का, ते सांग."

ही चेष्टा आहे की परीक्षा, पोरीला कळेना.

"तुम्ही वाजवलंत म्हणून."

मी नाही, असं म्हणायला मॅडमनी तोंड उघडलं. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर ठणकत होतं.